विनोबांची पदयात्रा आणि आपली वळकटी

दिवाळी सरली, भात झोडून कणगीत पडले, की पेण आणि रोहे या दोन तालुक्यांतल्या माळकरी मंडळींत एकच बोलणे सुरू होते. दिंडी कोणत्या तिथीला काढायची, मुक्काम कोठे कोठे टाकायचे, आणि अंथरूण-पांघरूण कोणी काय घ्यायचे. आषाढी वारीचे भाग्य कोकणातल्या शेतकऱ्याला थोडे. ज्येष्ठ वद्य अष्टमीला माउलींची पालखी आळंदीहून हलते, तेव्हा इकडे राबातली रोपे वर येत असतात. आणि पालखी पंढरपुरी पोचते त्या सुमारास आपण गुडघाभर चिखलात लावणी करीत असतो. म्हणून आपल्याकडच्या पुष्कळ दिंड्या कार्तिकात निघतात आणि कार्तिक वद्य एकादशीला आळंदी गाठतात. एकादशी काही आपल्यासाठी थांबत नाही. तेव्हा तिथीवरून मागे मोजत येऊन निघण्याचा दिवस धरावा लागतो. रोह्याहून नागोठणे, पेण, खोपोली, मग बोरघाट, लोणावळा, वडगाव, देहू आणि आळंदी, असे सात-आठ मुक्काम. एक दिवस घाटासाठी सढळ ठेवावा, हे जुन्या मंडळींना पाठ आहे.

इथपर्यंत भांडण नाही. भांडण पुढे आहे. टेम्पो बरोबर असताना गाद्या का नकोत, असे तरुण म्हणतात. घोंगडीवर जन्म काढलेल्या म्हाताऱ्यांना गादीचे नावच सोसत नाही. रात्रीचे भजन रंगले की बारा वाजतात, आणि पहाटे तीनला काकड्याची हाक होते. चौथ्या दिवशी निम्मी दिंडी डोळे मिटून चालत असते. दरवर्षी हेच. म्हणून यंदा आम्ही ठरवले की, या बाबतीत आपल्याच तालुक्यातल्या एका थोर चालणाऱ्याचे चरित्र वाचकांपुढे ठेवावे. पेणहून खोपोलीकडे जाताना गागोद्याची खिंड लागते. त्या गागोद्यात ज्यांचा जन्म झाला, ते आचार्य विनोबा भावे तेरा वर्षे हा देश पायी चालले. ते रूढ अर्थाने कोणत्या फडाचे वारकरी नव्हते. पण चालणे, निजणे आणि उठणे यांचा हिशेब त्यांच्याइतका कोणी केला असेल असे आम्हांस वाटत नाही.

विनायक नरहर भावे यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी गागोदे गावी झाला. तेव्हा आपला जिल्हा कुलाबा म्हणत. रायगड हे नाव १९८१ साली मिळाले. वडील नरहरपंत नोकरीनिमित्त बडोद्यास असत, आणि विनायकाचे लहानपण आजोबा शंभूराव आणि आई रखुमाई यांच्या छायेत गेले. आईचे नावच रखुमाई; मग घरात भजनाला काय तोटा! पण वेळेचा पहिला धडा आजोबांचा. शंभूराव चांद्रायण व्रत करीत. शुक्ल पक्षात रोज एक घास वाढवायचा, पौर्णिमेला पंधरा, आणि वद्य पक्षात एकेक कमी करीत अमावास्येला निराहार. घास घ्यायचा तो चंद्राचे दर्शन घेऊन, पूजा-आरती झाल्यावर. आता चंद्र काही रोज एका वेळेला उगवत नाही. वद्य पक्षात तो दररोज सुमारे दोन घटका मागे पडत जातो. कधी संध्याकाळी, कधी मध्यरात्री. ज्या रात्री चंद्र उशिरा उगवे, त्या रात्री आजोबा झोपलेल्या नातवाला उठवीत आणि आरतीनंतर प्रसाद देत. पोराने डोळे चोळीत उठायचे, हात जोडायचे, प्रसाद खायचा आणि पुन्हा निजायचे. उठवले म्हणून रडायचे नाही. तेरा वर्षे अंधारात उठून चालणाऱ्या माणसाची तालीम इथे, गागोद्याच्या त्या घरात झाली, असे आमचे मत आहे.

दहाव्या वर्षाच्या सुमारास कुटुंब बडोद्यास गेले. तिथे या मुलाने ब्रह्मचर्याचे व्रत मनाशी धरले, आणि ब्रह्मचाऱ्याने काय काय वापरू नये हे जुन्या ग्रंथांतून शोधून तीन वस्तू सोडल्या : गादी, छत्री आणि जोडे. हा प्रसंग प्रत्येक वारकऱ्याने लक्षात ठेवावा असा आहे, म्हणून जरा थांबून सांगतो. गादी सोडली, त्याने काही बिघडले नाही. छत्री सोडली, तिचेही काही अडले नाही. पण बडोद्याचे ऊन आणि तापलेला रस्ता यांत अनवाणी फिरल्याने त्यांच्या डोळ्यांना इजा झाली, आणि ती पुढे जन्मभर पुरली. विनोबांनी स्वतः ही चूक मागाहून मोकळेपणाने सांगितली आहे. ग्रंथातला नियम झाडांच्या छायेतल्या आश्रमासाठी होता, शहरातल्या सडकेसाठी नव्हता, हे त्यांनी अनुभवाने ओळखले.

आमच्या दिंडीत आजही कोणी ना कोणी अनवाणी वारीचा नवस बोलतो. नवसाला आम्ही नावे ठेवीत नाही. पण पूर्वी वाट मातीची होती, आता डांबराची आहे, आणि कार्तिकातही दुपारी ते चटके देते. आम्हीही एके वर्षी हट्टाने जोडे घरी ठेवून निघालो होतो. बोरघाट चढून गेलो, आणि लोणावळ्यास पायांना असे फोड आले की दोन दिवस एका भल्या माणसाच्या पडवीत पडून राहावे लागले. दिंडी पुढे गेली. एकादशीला आम्ही आळंदीत नव्हतो. ज्यांना मधुमेह आहे त्यांनी तर हा विचारही मनात आणू नये. पायाची जखम त्यांना लवकर कळत नाही आणि लवकर भरतही नाही. गादी सोडा, जोडे सोडू नका, एवढे गागोद्याच्या या ब्रह्मचाऱ्याच्या अनुभवातून घेण्यासारखे आहे.

मार्च १९१६ मध्ये इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईस निघालेला हा तरुण वाटेत सुरतेस उतरला आणि थेट काशीस गेला. तिथून ७ जून १९१६ रोजी अहमदाबादेस कोचरबच्या आश्रमात गांधीजींना भेटला. पुढच्या वर्षी प्रकृती सुधारण्यासाठी आणि शास्त्राभ्यासासाठी त्यांनी आश्रमातून एका वर्षाची रजा घेतली. वाईच्या प्राज्ञपाठशाळेत नारायणशास्त्री मराठे यांच्यापाशी अध्ययन केले, आणि उरलेल्या काळात महाराष्ट्रात सुमारे ४०० मैल पायी हिंडले. रायगड, सिंहगड, तोरणा हे गड त्यांनी याच काळात पाहिले. चालायचे, मुक्काम करायचा, गीतेवर बोलायचे, पुन्हा चालायचे. शरीर अशक्त, म्हणून एकदम लांब पल्ला मारला नाही. रोज दहा-बारा मैलांनी सवय केली, मग दळण दळणे आणि नमस्कार घालणे वाढवले. वर्ष भरले त्या ठरल्या दिवशी ते आश्रमात हजर झाले. म्हटलेल्या दिवशी येणे ही त्यांची खूण पुढेही टिकली.

आमच्यातले कित्येक जण वर्षभर खाटेवरून उठत नाहीत आणि दिंडीत पहिल्याच दिवशी नागोठण्यापर्यंत तरातरा जातात. मग पेणच्या मुक्कामी पोटऱ्या चोळीत बसतात. निघण्याआधी पंधरा दिवस रोज सकाळी दोन कोस तरी चालावे.

मधली तीस वर्षे थोडक्यात सांगतो, कारण आमचा विषय वाटेचा आहे. १९२१ साली ते वर्ध्यास गेले. आईच्या इच्छेसाठी गीतेचा मराठी समश्लोकी अनुवाद केला, ती ‘गीताई’ १९३२ साली छापून निघाली. त्याच वर्षी धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी दर रविवारी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती उतरून घेतली. १९३५ साली, चाळिशीत, ते पुन्हा गागोद्यास येऊन गेले. रात्री चांदण्या पाहत असता देवळातून गावकऱ्यांच्या भजनाचा आवाज आला, आणि ते कितीतरी वेळ ऐकत बसले. उच्चार शुद्ध नव्हते, गळे तापलेले होते. पण त्या भजनाने त्यांना गहिवरून आले. १९३८ मध्ये प्रकृती अगदी खालावली, तेव्हा ते पवनार येथे धाम नदीकाठी राहायला गेले आणि रोज थोडे थोडे खणत, चालत शरीर पुन्हा उभे केले. १९४० साली वैयक्तिक सत्याग्रहाचे पहिले सत्याग्रही म्हणून गांधीजींनी त्यांचीच निवड केली.

आता खरी वाट. एप्रिल १९५१ मध्ये हैदराबादेजवळ शिवरामपल्ली येथे सर्वोदय संमेलन भरायचे होते. विनोबांनी गाडीने न जाता पायी जायचे ठरवले आणि ८ मार्चला ते निघाले. अंतर सुमारे ३०० मैल, हाती दिवस तीस. म्हणजे दिवसाला दहा मैल, आपल्या सोळा किलोमीटरांच्या आसपास. वय पंचावन्न, पोटात व्रण, आहार दूध-दह्याचा आणि तोही थोडाथोडा. तरी संमेलनाच्या आदल्या दिवशी ते तिथे पोचले. त्यांनी वेग वाढवून दिवस वाचवले नाहीत. आधी दिवस मोजून घेतले आणि मग पावले त्यांत बसवली. संमेलन आटोपून तेलंगणात फिरताना १८ एप्रिल रोजी पोचमपल्लीस हरिजन कुटुंबांनी ऐंशी एकर जमीन मागितली, आणि रामचंद्र रेड्डी यांनी शंभर एकर देऊ केली. भूदानाचा आरंभ तो. त्याच वर्षी पंतप्रधान नेहरूंनी दिल्लीस बोलावले आणि विमानाची सोय करू म्हणाले. विनोबांनी विमान नाकारले. १२ सप्टेंबरला पवनारहून निघून १३ नोव्हेंबरला ते पायीच राजघाटावर पोचले.

तिथून पुढे उत्तर प्रदेश, बिहार, बंगाल, ओरिसा, आंध्र, तामिळनाडू, केरळ, कर्नाटक, महाराष्ट्र, गुजरात, राजस्थान, पंजाब, काश्मीर, आसाम, आणि १९६२ साली पूर्व पाकिस्तानातही सोळा दिवस. १० एप्रिल १९६४ रोजी ते पवनारला परतले.

या सगळ्या वर्षांत दिवसाची घडी बदलली नाही म्हटले तरी चालेल. पहाटे तीनच्या सुमारास उठणे. प्रार्थना. मग उजाडण्याच्या पुष्कळ आधी पाऊल बाहेर; पुढे एक जण कंदील घेऊन, मागे विनोबा झपझप, आणि त्यांच्या मागे धापा टाकणारी मंडळी. दहा-बारा मैलांची मजल ऊन तापण्याच्या आत संपायची. दुपारी भेटी, वाचन, पत्रे. संध्याकाळी प्रार्थना आणि प्रवचन. आणि रात्री लवकर, आठ-नऊच्या आत, निजणे. गावकरी कितीही आग्रह करोत, पुढारी कितीही लांबून आलेले असोत, निजण्याची वेळ झाली की माणूस निजला.

वारकरी मंडळींना हे शेवटचे कलम जड जाते. उठण्याची वेळ सगळे पाळतात. निजण्याची वेळ कोणी पाळीत नाही. तीनला उठायचे आणि सहा तास झोप हवी, तर नऊला अंग टेकले पाहिजे. मग हरिपाठ सूर्यास्ताला, जेवण साडेसातला, कीर्तन असेल तर ते पावणेनऊला आटपले पाहिजे. कीर्तनकार बुवांना हे सांगायचे कोणी, हा प्रश्न आहेच. आम्ही दोन वर्षांपूर्वी विणेकऱ्याकडून सांगवले. बुवा थोडे रुसले. पण त्या वर्षी घाटात एकही माणूस चालता चालता पेंगून पडला नाही.

विनोबांचा मुक्काम कधी शाळेत, कधी कोणाच्या घरी, कधी गावकऱ्यांनी उभारलेल्या मांडवात. गादी तर लहानपणीच सुटलेली. खाली घालायला आणि वर घ्यायला एवढे असले की काम भागते, ही सवय त्यांना तेरा वर्षे उपयोगी पडली. ज्याला अंथरुणाची निवड करावी लागत नाही, त्याला कोणत्याही गावी मुक्काम मिळतो. आमच्या टेम्पोतल्या गाद्यांची गोष्ट वेगळी. एके वर्षी गाडी घाटातल्या कोंडीत अडकली आणि मध्यरात्रीपर्यंत वर आलीच नाही. गाद्या गाडीत, आम्ही लोणावळ्याच्या थंडीत शाळेच्या फरशीवर. ज्या चार म्हाताऱ्यांनी वळकटी खांद्यावर आणली होती, तेच तेवढे झोपले.

तेव्हा वळकटीत काय असावे, ते सांगून टाकतो. सर्वांत खाली प्लॅस्टिकचा जाड कागद, पुरुषभर लांब. त्यावर सतरंजी. पांघरायला घोंगडी, आणि तिच्या आत एक धुतलेली चादर, म्हणजे लोकर अंगाला बोचत नाही. थंडी वरून लागते त्याहून अधिक खालून, जमिनीतून चढते. म्हणून दोन घोंगड्या वर घेण्यापेक्षा एक खाली घातलेली बरी. कार्तिकात खळी नुकतीच झालेली असतात. गावकऱ्याकडे मागितला तर कोठेही पेंढा मिळतो. सतरंजीखाली वीतभर पेंढा टाकला तर गादी झक मारते. सकाळी तो गोळा करून मालकाला परत द्यावा, गुरांचे खाणे आहे ते. लोणावळा-वडगावच्या बाजूला उघड्यावर निजू नये. दंव इतके पडते की पहाटे घोंगडी पिळावी लागते, आणि भिजलेल्या घोंगडीचे वजन दिवसभर खांद्यावर बसते. निदान झाडाखाली तरी निजावे.

आणि मच्छरदाणी. पुष्कळांना हे नखरे वाटतात. डिसेंबर १९५२ मध्ये बिहारात चांडील येथे विनोबांना मलेरियाने गाठले. ताप असा की लोकांनी आशा सोडली. औषध घेण्यास ते आधी राजी नव्हते. सर्वांनी गळ घातल्यावर घेतले आणि वाचले. पण यात्रा कित्येक आठवडे थांबली. जो माणूस विमानाला नाही म्हणाला, त्याला एका डासाने खाली बसवले. पेण-रोह्याच्या खाचरांजवळचे डास काही चांडीलच्या डासांहून गरीब नाहीत. पातळ मच्छरदाणीची घडी तांब्याएवढी होते, ती घ्यावीच.

तिथीशी बांधलेले असूनही थांबावे केव्हा, हेही विनोबांपासून शिकावे. १९५९ साली काश्मीरच्या वाटेवर पीरपंजाल ओलांडायचा होता, साडेतेरा हजार फूट उंच. पायथ्याशी लोरन गावी पावसाने त्यांना दिवसामागून दिवस अडकवून ठेवले. त्यांनी घाई केली नाही. पाऊस उघडला तर डोंगर ओलांडायचा, नाही उघडला तर ईश्वराची इच्छा नाही असे समजून मागे फिरायचे, असे ठरवून ते स्वस्थ राहिले. पाऊस उघडला आणि ते पलीकडे गेले. आपण घाटासाठी जो एक दिवस सढळ ठेवतो, तो खर्च झाला नाही तर वाया गेला असे मानू नये.

मुक्कामाची आणखी एक बाजू आहे, आणि ती सांगताना आम्हांस थोडी लाज वाटते. कोण कोणाच्या शेजारी पथारी टाकणार, यावरून दिंडीत अजून कुजबूज होते. विनोबांच्या यात्रेत हरिजन, मुसलमान, ख्रिस्ती, परदेशी सगळे बरोबर असत, आणि बरोबरच्या सर्वांना जिथे प्रवेश नाही तिथे आपणही जायचे नाही हा त्यांचा दंडक होता. १९५३ साली वैद्यनाथधामला हरिजनांसह देवळात जाताना त्यांच्यावर हल्ला झाला, एका कानाला कायमची इजा झाली. पण मारणाऱ्यांना शिक्षा होऊ नये असेच त्यांनी म्हटले. १९५५ साली जगन्नाथपुरीस बरोबरच्या फ्रेंच बाईला आत सोडीनात, तर ते दारातून परतले. मग मे १९५८. पंढरपुरास सर्वोदय संमेलन होते. पुजारी मंडळींनी आपणहून सर्वांसह येण्याचे आमंत्रण दिले, आणि हिंदू नसलेल्या सोबत्यांसह विनोबा विठ्ठलापुढे उभे राहिले. त्यांच्या डोळ्यांना धार लागली होती. याच देवळाचे दार हरिजनांसाठी उघडावे म्हणून ११ वर्षांपूर्वी, मे १९४७ मध्ये, साने गुरुजींनी तिथे उपोषण केले होते.

भूदानाचे सगळेच फळ गोड निघाले असे आम्ही म्हणणार नाही. कागदावर चाळीस लाख एकरांहून अधिक जमीन मिळाली, पण तीतली पुष्कळशी खडकाळ, वादातली, किंवा वाटलीच न गेलेली. आणीबाणीच्या काळातल्या त्यांच्या भूमिकेवरही टीका झाली, आणि ती अगदीच निराधार नव्हती. चालण्याच्या बाबतीत मात्र त्यांच्याकडे बोट दाखवायला जागा नाही.

१९६४ नंतरही ते काही काळ हिंडले, मग पवनारलाच राहिले. नोव्हेंबर १९८२ मध्ये आजार बळावला तेव्हा त्यांनी अन्न, पाणी आणि औषध सोडले, आणि १५ नोव्हेंबरला, दिवाळीच्या दिवशी, देह ठेवला. दुसऱ्या दिवशी कार्तिक लागला.

यंदा रोह्याची मंडळी कार्तिक वद्य द्वितीयेस पहाटे चारला निघेल आणि तृतीयेच्या संध्याकाळी पेणास येऊन मिळेल. चतुर्थीला दोन्ही दिंड्या एकत्र खोपोलीकडे चालतील; त्या रात्रीचा मुक्काम गागोद्याच्या खिंडीच्या अलीकडे धरला आहे. कीर्तन पावणेनऊला संपेल. टेम्पोत पाण्याची पिंपे, स्वयंपाकाची भांडी आणि आजारी माणसांची अंथरुणे तेवढी जातील; बाकी प्रत्येकाने आपली वळकटी आपण आणावी, आणि जोडे विसरू नयेत.